शुभ दिवस नव्हता

आमच्या हवेलीच्या मागच्या भिंतीवरून जाकार्ताच्या त्या पोरानं सकाळपासून सात उड्या मारल्या. सातव्या उडीत त्याच्या कमरेची कट्यार म्यानासकट गटारात पडली, आणि कट्यारीमागोमाग पोरगं. सगळे आरडाओरडा करत धावले. मी व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. मला हसू आलं नाही, रागच आला. एक तर त्यानं कट्यार पुढं खोचली होती, खिशात कंगवा खोचावा तशी. ती पाठीमागं खोचतात, हे आमच्या सोलो शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि दुसरं म्हणजे, हे त्या भिंतीवरून जन्मात कधी आले नव्हते.

हे म्हणजे माझे यजमान. इथल्या राजघराण्यातले धाकटे राजपुत्र. त्यांचं नाव आमच्या घरात कुणी तोंडानं घेत नसे, बायको नाही, स्वयंपाकीण नाही, माळी नाही. ‘मालक’ म्हटलं की भागायचं. टीव्हीवाले मात्र दिवसातून पन्नास वेळा ते नाव घेत होते, भाजीवाल्याला हाक मारावी तसं.

तर आमच्या प्रेमावर टीव्हीचा सिनेमा निघाला होता. राजपुत्र आणि बाटिकच्या कापडावर मेण चढवणारी पोरगी. राजपुत्राचं काम त्या जाकार्ताच्या पोराकडं. लोकांना असलं फार आवडतं. हे जाऊन दोन वर्षं झाली होती, नाहीतर त्यांनी या मंडळींना फाटकातूनच वाटेला लावलं असतं. माझ्या लेकीनं, रेत्नोनं, परवानगीच्या कागदावर सही ठोकून दिली आणि मला मग सांगितलं. “अगं आई, सगळे बघतील तुला!” म्हणे. मला कशाला कोण बघतंय? मला बघायचं वय होतं तेव्हा मी मेणाच्या भट्टीपाशी घामाघूम बसलेली होते.

सिनेमा लिहिणारी मुलगी विंदी. केस आखूड, स्वभावानं गोड, चपला मात्र घरभर घालून फिरायची. तिला मी सगळं खरंखरं सांगितलं. लग्नाच्या दिवशी हे आले नव्हते, यांची कट्यार आली होती.

विंदी डोळे विस्फारून म्हणाली, “म्हणजे आजी, तुमचं लग्न कट्यारीशी लागलं?”

“कट्यारीशी कशाला लागेल? कट्यार नवऱ्याच्या जागी. राजघराण्यातल्या माणसानं साध्या घरची मुलगी केली, तर तो स्वतः बसत नसे तिच्याशेजारी. कट्यार पाठवायचा, आणि कट्यारीबरोबर एक भरवशाचा माणूस. तो माणूस मालकाच्या वतीनं कबूल म्हणायचा.”

“आणि तो माणूस कोण होता?”

“तो काय, अंगण झाडतोय.”

विर्योदादा आमच्या फाटकाजवळच्या खोलीत राहतात. ऐंशीच्या पुढं गेले, पण झाडू हातातून सुटत नाही. त्यांचे आजोबाही याच घराचे सेवक, वडीलही. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हापासून त्यांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही. काही सांगायचं झालं तर खांबाकडं बघून सांगायचे.

विंदी खूश होऊन गेली आणि पंधरा दिवसांनी तोंड पाडून परत आली. “आजी, वरचे लोक नाही म्हणतात. हिरो स्वतःच्याच लग्नाला हजर नाही म्हटल्यावर बघणारे चॅनेल बदलतील. आम्ही असं केलंय, आई त्याला कोंडून घालते, तो भिंतीवरून उडी मारून येतो आणि तुमच्या शेजारी बसतो.”

“आणि कट्यार?”

“ती असेल ना कमरेला.”

कपाळ माझं!

आता खरं सांगू? लग्नाला हे आले नाहीत याचं मला काही वाटलं नव्हतं. रीतच होती ती, आणि यांच्या मातोश्रींपुढं कुणाचं चालत नव्हतं. दुखणं दुसरंच होतं. रीतीप्रमाणे नवरीला त्याच संध्याकाळी हवेलीत आणतात आणि मालक तिच्याकडं येतात. मला आणलं. मागच्या अंगणातली खोली दिली, फुलं लावली, पलंगावर पिवळ्या कापडात ती कट्यार ठेवली. आणि हे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. पस्तीस दिवस मी त्या कट्यारीशेजारी बसून काढले. एकोणीस वर्षांची होते हो मी! स्वयंपाकघरातल्या बाया येता-जाता विचारायच्या, “काय गं, नवरा टोचत नाही ना?” आणि फिदीफिदी हसायच्या. मी उशीत तोंड खुपसून रडायची.

पस्तिसाव्या दिवशी माझे बाबा आले. ते निळीचे रंगारी, हात कोपरापर्यंत निळे. सोबत दोन माणसं होती. मी चहा घेऊन गेले तर जाळीतून दिसलं, बाबांनी यांचा हात आपल्या निळ्या हातात धरला होता आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी चहा तसाच दाराशी ठेवला आणि पळाले. त्या दिवशी हे माझ्याकडं आले. मग चांगले वागले, जन्मभर चांगलेच वागले. तीन मुलं झाली, दुसरी बायको केली नाही, मातोश्री गेल्यावर मला पुढच्या घरात आणलं. पण माझ्या मनात रुतून बसलं ते बसलंच. माझ्या बापाला याच्यापुढं हात जोडावे लागले, रडावं लागलं, तेव्हा कुठं याला बायकोची आठवण झाली.

मी काही सोशीक बाई नाही. पंचेचाळीस वर्षं मी त्यांना ऐकवत आले. मीठ कमी पडलं तरी ऐकवायची, पाऊस आला तरी ऐकवायची. “कुठं होतात हो पस्तीस दिवस? कट्यारीनं बरी सोबत केली मला! माझ्या बापाला रडवलंत!” हे एकच वाक्य म्हणायचे, “शुभ दिवस नव्हता.” आणि पिंजऱ्यातल्या होल्याला शीळ घालायला लागायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

विंदीच्या चौकश्यांनी हे सगळं पुन्हा उकरलं गेलं. ती घराण्यातल्या सगळ्यांना भेटली, आणि जितकी माणसं तितक्या गोष्टी. माझे दीर म्हणाले, तेव्हा तो सेमारांगला होता, कामासाठी. आत्याबाई म्हणाल्या, छे, कांजिण्या निघाल्या होत्या. जुन्या स्वयंपाकिणीची मुलगी म्हणाली, मालक डोंगरावर उपासाला बसले होते, माझ्या आईनंच भाताचा डबा पोचवला. आता उपासाला बसलेल्याला भाताचा डबा कशाला लागतो? मी विचारलं तर ती म्हणाली, तेही खरंच. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आणि त्यावर कडी म्हणजे समोर ते पोरगं भिंतीवरून उड्या मारतंय. एका रात्री मला स्वप्नात हे दिसले, भिंतीवरून येताना, आणि केस त्या पोरासारखे तांबडे रंगवलेले. उठले ती घामानं भिजूनच. म्हटलं, हे लोक माझी आठवणसुद्धा शिल्लक ठेवणार नाहीत.

त्याच आठवड्यात राजवाड्यातून हस्तुतीबाई आल्या. घराण्याच्या दफनाच्या टेकडीचं, गिरीवंगीचं, काम त्या बघतात. यांना तिथंच ठेवलंय, तिसऱ्या टप्प्यावर, चाफ्याखाली. त्यांच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी आहे.

हस्तुतीबाई गोड बोलल्या. सुरो महिना, म्हणजे आमचं नवं वर्ष, लागायच्या आत याद्या पक्क्या होणार होत्या. मी कट्यार पाठवून केलेली बायको, म्हणजे कमी मानाची, त्यामुळं आजवर त्या जागेचा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. “पण आता सिनेमा येतोय, सगळीकडं तुमचं नाव होणार. तेव्हा वरिष्ठ म्हणाले, करून टाकू. फक्त एवढ्यावर तुमची सही आणि एका साक्षीदाराची.”

रेत्नोनं कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की लग्नाच्या दिवशी राजपुत्र स्वतः हजर होते आणि त्यांनी स्वतः कबूल म्हटलं.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“सिनेमात तसंच आहे म्हणून आम्ही—”

“सिनेमात तो गटारात पण पडलाय. तेही लिहा.”

रेत्नोनं मला आत ओढलं. “आई, तुला बाबांच्या शेजारी जागा नको का?”

हवी होती. का नको असणार? पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या घोरण्याची सवय झाली, त्याच्या शेजारी नाही तर कुठं जाऊन पडू? दर गुरुवारी मी टेकडीवर फुलं घेऊन जायची आणि त्या मोकळ्या जागेवरच बसायची, गवत उपटत. पण ते आले नव्हते. आले नव्हते ते नव्हते! ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले, तीच खोटी होती असं लिहून देऊ? म्हणजे मीच खोटी? मी सांगून टाकलं, मला माझ्या बाबांशेजारी सरकारी कब्रस्तानात टाका, माझी काही तक्रार नाही. हस्तुतीबाई कागद ठेवून गेल्या. रेत्नो दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग लग्नाच्या प्रसंगाचा दिवस उगवला. पुढच्या मंडपात रोषणाई, खुर्च्या, वायरींचं जाळं. माझं काम करणारी मुलगी माझ्या पाया पडून गेली. इतकी गोरी की मी भट्टीपाशी नाही, बर्फाच्या कारखान्यात काम करत होते असं वाटावं. विर्योदादांना त्यांनी दरबारी चालीरीती सांगायला बोलावलं होतं. ते पोरगं राजपुत्राच्या वेशात मंडपात आलं मात्र, आमचे विर्योदादा झटकन खाली बसले आणि उकिडवे चालत त्याच्याकडं निघाले, हात जोडून. गुडघे कटाकटा वाजत होते.

“अहो दादा, उठा! ते जाकार्ताचं पोर आहे, शाम्पू विकतं टीव्हीवर!” मी ओरडले.

“ठाऊक आहे, बाईसाहेब,” ते खांबाकडं बघत म्हणाले. “पण कपडे मालकांचे आहेत.”

लग्न लावायला त्यांनी आमच्या मोहल्ल्यातले खरेच मौलवी आणले होते, मौलवी मुस्लिह. सुरुवात करायच्या आधी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. “एक लक्षात ठेवा. लग्नाचे शब्द थट्टेत बोलले तरी खरे धरतात. तेव्हा या मुलांची खरी नावं घेऊ नका, बापाचं नाव तर मुळीच नको. नाहीतर संध्याकाळी ही दोघं नवरा-बायको होऊन जाकार्ताला जायची.”

सगळे हसले. मुलगी जरा जास्तच हसली. मला वाटतं तिची हरकत नव्हती.

तेवढ्यात विर्योदादांचा आवाज आला. इतक्या माणसांत ते आपणहून बोलले, हेच नवल. “मौलवीसाहेब, एखादा माणूस दुसऱ्याच्या वतीनं कबूल म्हणायला बसला, आणि ज्यानं पाठवलं त्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर?”

“वाहवा! मग गोंधळच,” मौलवी म्हणाले. “कुणी म्हणतात बोलला त्याच्याच गळ्यात पडलं. कुणी म्हणतात कुणाच्याच नाही. का हो?”

“काही नाही. सहज.”

विर्योदादा खाली बसले ते बसलेच. चेहरा मेणासारखा. मला आधी वाटलं उन्हानं झालं असेल. मग ते पोरगं मुलीच्या खोट्या बापाचा हात धरून मोठ्यानं, अगदी खणखणीत, “मी, रादेन मास सूर्योलक्सोनो” म्हणाल्याबरोबर मी खुर्चीतून उठलेच. कारण माझ्या लग्नात हे नाव मी ऐकलंच नव्हतं. मी पडद्याआड होते, पण शब्द न् शब्द ऐकत होते. ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

सकाळी उजाडताच मी विर्योदादांच्या खोलीवर गेले. मला बघून ते जमिनीवर बसले, मान खाली.

“दादा, माझ्या लग्नात तुम्ही मालकांचं नाव घेतलं होतं?”

बाहेर कोंबडी ओरडत होती.

“ते नाव माझ्या तोंडून कसं निघेल, बाईसाहेब? माझ्या बापानं नाही कधी घेतलं. ऐन वेळी जीभच वळेना. मनात होतं सगळं. तोंडातून नुसतं ‘कबूल’ निघालं.”

“आणि माझे बाबा?”

“तेही ‘माझी मुलगी दिली’ एवढंच म्हणाले. त्यांचीही हिंमत झाली नाही. काझी म्हातारे होते, पेंगत होते.”

मी उंबऱ्यावर बसले. “म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी तुमची बायको आहे की काय?”

“नाही, नाही, नाही!” म्हातारा इतका जोरात ओरडला की कोंबडी पळाली. “मी तलाक दिला ना तुम्हाला! तिसऱ्या दिवशी, विहिरीवर.”

“मला तलाक दिलात? आणि मला सांगितलं नाहीत?”

“मालकांच्या बायकोशी बोलायची हिंमत कशी होणार?”

“आणि तलाक द्यायची बरी झाली!”

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या नकळत माझं लग्न झालं होतं, माझ्या नकळत मोडलं होतं, आणि मी आपली खोलीत बसून कट्यारीवरची फुलं बदलत होते! मी म्हटलं, सगळं सांगा, एक शब्द गाळलात तर आत्ता जाऊन त्या टीव्हीवाल्यांना सांगते.

मग ते बोलले. खांबाकडं नाही, जमिनीकडं बघून, पण बोलले. लग्नाच्या दिवशीच त्यांच्या मनात शंका आली. तीन दिवस अन्न गोड लागेना. विहिरीवर जाऊन एकट्यानं तलाक म्हटला आणि तसेच ओल्या अंगानं मालकांच्या पायाशी जाऊन पडले. हे तेव्हा माझ्याकडं यायलाच निघत होते. तीन दिवस मातोश्रींनी अडवून धरलं होतं, त्या दिवशी कुठं वाट मोकळी झाली होती.

“मालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कुणाकुणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, विहिरीला. तर म्हणाले, विहीर, तू आणि मी, बस्स. मातोश्रींना कळलं तर तुला आजच हाकलतील. आणि सोलोतली माणसं तुला जन्मभर ‘मालकाच्या बायकोचा नवरा’ म्हणून चिडवतील. तुझ्या बापानं मला खांद्यावर खेळवलंय. हे कुणाला कळायचं नाही. कासियातीलाही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.”

कासियाती म्हणजे मी, आणि ते मात्र खरं होतं.

“मग गाजावाजा न करता पुन्हा लग्न लावायचं ठरलं. तुमच्या वडलांना एवढंच सांगितलं, मालकांना स्वतः कबूल म्हणायचंय, पण हे कुणाला कळता कामा नये. पण दिवस तोच हवा. तुमच्या दोघांच्या जन्मवारांवरून काढलेला, गुरुवार आणि पाहिंग. दुसरा दिवस मालकांना चालेना. म्हणाले, एकदा वाकडं झालंय, आता सगळं नीट व्हायला हवं.”

आमच्याकडं आठवड्याचे सात वार असतात आणि बाजाराचे पाच, पाहिंग त्यांतला एक. एखाद्या दिवसाची जोडी पुन्हा जुळायला बरोबर पस्तीस दिवस लागतात. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. ठाऊक असून मला कधी सुचलं नाही.

“पस्तिसाव्या दिवशी तुमचे वडील आले. दोन साक्षीदार आणले. मालकांनी स्वतः त्यांचा हात धरला, स्वतःचं पूर्ण नाव घेतलं आणि स्वतः कबूल म्हटलं. तुमचे वडील रडले. म्हणाले, राजपुत्र माझ्या निळ्या हाताला हात लावून मुलगी मागतो, असं कधी झालं नाही. मी दाराशी उभा होतो. तुम्ही चहा ठेवून पळालात, तो मीच आत नेला.”

मी तोंडाला पदर लावला. हात जोडणारे बाबा नव्हते. मागणारे हे होते. आणि मी वेडी, मी पंचेचाळीस वर्षं या माणसाला जेवता-खाता, उठता-बसता टोचत राहिले, आणि हा माणूस एका नोकराची अब्रू झाकायला मूग गिळून ऐकत राहिला. शुभ दिवस नव्हता, म्हणायचे. खरं तेच सांगत होते की! अहो, पण एक शब्द बोलायचा होता ना. मातोश्री गेल्यावर तरी. मरताना तरी. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की मी विर्योदादांचा झाडू उचलून अंगणात फेकला.

डोळे पुसून मी विचारलं, “आणि तुम्ही? तुम्ही लग्न का नाही केलंत मग?”

“कसं करणार? माझं लग्न झालं होतं की नाही, हेच मला कधी कळलं नाही. झालं असेल तर मोडलं का, तेही नाही. कुणाला विचारावं तर मालकांना शब्द दिलेला. काल पहिल्यांदा विचारलं.” मग म्हणाले, “बाईसाहेब, आता मला कुठं जायला सांगाल?”

“जाताय कुठं? आधी तो झाडू उचलून आणा,” मी म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी मी विर्योदादांना सायकलरिक्षात घालून राजवाड्यावर गेले. ते शेजारी बसेनात, पायाशी बसतो म्हणाले. रिक्षावाल्यानं दोघांनाही दम दिला, तेव्हा कसेबसे टोकाला टेकले.

हस्तुतीबाईंनी कागद पुढं केला. “मन बदललं तर! बरं झालं. फक्त विचारायची रीत म्हणून विचारते, कट्यार पाठवली होती, असं काहीतरी जुने लोक बोलतात.”

“बोलतात खरं. जुन्या लोकांना काम काय आहे?” मी म्हटलं. “हे स्वतः आले होते. माझ्या बाबांचा हात धरला होता. मी जाळीतून बघितलंय.”

“आणि तुम्ही साक्षीदार?” त्यांनी विर्योदादांना विचारलं. “कुणी कबूल म्हटलं, ते नाव तोंडी सांगावं लागेल. मी लिहून घेते.”

विर्योदादांनी तोंड उघडलं. ओठ हलले, कपाळावर घाम आला. तोच प्रसंग, तोच माणूस, सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा जीभ वळेना. हस्तुतीबाई लेखणी धरून बघत होत्या.

मग मीच घेतलं. जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं, त्या पोरासारखं खणखणीत. “रादेन मास सूर्योलक्सोनो. त्यांनीच कबूल म्हटलं. लिहा.”

विर्योदादांनी “होय, तेच” म्हणून मान हलवली आणि खाली सही केली. मी माझी केली.

सिनेमा रविवारी दुपारी लागला. रेत्नोनं मंडपात मोठा टीव्ही लावला, मोहल्ला लोटला. शेंगा, सोयाबीनचं तळलेलं तेंपे, गुळाचा चहा. विर्योदादांना मी खुर्ची दिली, पण ते पुढं चटईवरच बसले, मान खाली घालून. ते पोरगं भिंतीवर चढलं तेव्हा बायांनी शिट्ट्या मारल्या. गटार दाखवलं नाही. त्यानं उडी मारली, कट्यार पुढं खोचलेली, आणि थेट नवरीच्या शेजारी येऊन बसलं.

शेजारच्या तुमिनीबाईंनी मला कोपर मारलं. “काय गं कासियाती, खरंच अशी उडी मारली होती मालकांनी?”

सगळे माझ्याकडं वळले. समोर विर्योदादांची पाठ ताठ झाली.

“मारली की,” मी म्हटलं. “पहिल्या वेळी जमली नाही. म्हणून पस्तीस दिवसांनी पुन्हा मारली.”

बाया हसहसून लोळायच्या बाकी राहिल्या. विर्योदादांचे खांदे हलत होते, हसत होते की रडत होते मला मागून दिसलं नाही. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि पहिल्यांदाच, खांबाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी शेंगांची थाळी त्यांच्यापुढं केली.